‘निरंक’ लिहिलेल्या रकान्याबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रात न मिळालेली औषधे व सेवा यांची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीवरून खरेदीचे नियोजन करणे, याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून औषध निर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ३१ वर्षे कोकणातल्या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांची खिडकी सांभाळली. आपल्या विभागातल्या औषध खरेदीचा विषय निघाला की बोलणे निविदा, दरकरार, पुरवठादार आणि थकलेली बिले यांवरच येते. तेही बोलायलाच हवे. पण खरेदी चुकते ती निविदा निघण्याच्या कितीतरी आधी, माझ्यासारख्याच्या टेबलावरच्या साठा नोंदवहीत. कशी, ते एका रात्रीच्या हकिकतीवरून सांगतो.

लावणीचे दिवस होते. रात्री आठच्या सुमाराला एकाला त्याच्या भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले, मागून दुसऱ्याने धरले होते. संध्याकाळी गडग्याचा दगड उचलताना हाताला फुरसे, आमच्याकडचा विषारी साप, चावले होते. आमच्या डॉक्टरांनी थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतले आणि ती नळी टेबलावर उभी ठेवली. २० मिनिटे तिला हात लावायचा नाही, एवढीच ती तपासणी. मग नळी आडवी करायची. रक्त गोठले असेल तर जागेवर राहते. त्या रात्री ते पाण्यासारखे ओघळले. म्हणजे विष अंगात भिनले होते आणि एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचे प्रतिविष, ताबडतोब सुरू करायला हवे होते. पहिल्या फेरीत साधारण १० बाटल्या लागतात. माझ्या कपाटात ४ होत्या.

त्या चार मी विरघळवल्या. एएसव्हीच्या बाटलीत भुकटी असते. पाणी घातल्यावर ती जोरात हलवायची नाही, फेस होतो. तळहातांत धरून हळूहळू फिरवत राहायची. मी बाटल्या फिरवत होतो आणि पेशंटचा भाऊ खिडकीशी उभा राहून विचारत होता, “बाकीच्या कुठे मिळतील?” तो तालुक्याच्या गावी जाऊन मेडिकलवाल्याला उठवून सहा बाटल्या घेऊन आला. पैसे उसने आणले होते, ते नंतर दोन शेळ्या विकून फेडले. मग १०८ आली आणि पेशंटला जिल्ह्याला हलवले. माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोंदवही भरली. सर्पदंश प्रतिविष, आरंभी शिल्लक ४, खर्च ४, अखेर शिल्लक निरंक, म्हणजे काहीच नाही.

महोदय, त्या ओळीकडे क्षणभर पाहावे. लागल्या १०, लिहिल्या ४. भावाने विकत आणलेल्या सहा बाटल्यांना माझ्या वहीत जागाच नव्हती. कारण आमची नोंदवही दिलेल्या औषधाची असते. मागितलेल्या आणि न मिळालेल्या औषधाला त्यात रकाना नाही. त्यानंतर दीड महिना एकही बाटली नव्हती, सर्पदंशाचे सगळे पेशंट थेट पुढे पाठवले आणि दीड महिन्याचा खप शून्य लागला. त्या वर्षी आम्ही ४० बाटल्या मागितल्या होत्या, आल्या १२. साहजिकच वर्षाचा खप १२ झाला. पुढच्या वर्षीची मागणी आमच्याकडे गेल्या वर्षीच्या खपावर दहा टक्के वाढ धरून करत. मी पुन्हा ४० लिहिले, तेव्हा भांडारातून फोन आला, “गेल्या वर्षी बाराच लागल्या ना, मग चाळीस कशाला मागता?” फोन करणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदावर बाराच होत्या.

टंचाईची खूण वहीतून अशी पुसली जाते. औषध नसले की खप कमी दिसतो, म्हणून मागणी कमी धरली जाते आणि पुढच्या वर्षी औषध आणखी कमी येते. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी कामचुकारपणा केला नाही, तरी हे घडते. माझ्या नोकरीतली निम्मी टंचाई अशी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याची दुसरी बाजूही मी बघितली आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो यायचा आणि न मागितलेल्या सिरपची खोकी उतरायची. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, म्हणून जे दरकरारात असेल आणि लगेच मिळेल ते घेतले जाते. मुदत संपायला काही महिनेच उरलेले. मी ती खोकी शेजारच्या केंद्रांना फोन करकरून वाटायचो. उरलेल्यांचे निर्लेखन करायला, म्हणजे ती साठ्यातून रीतसर कमी करायला, पुन्हा वेगळा प्रस्ताव. एकाच खोलीत एका कोपऱ्यात सिरपची थप्पी आणि दुसऱ्या कोपऱ्यात एएसव्हीचे रिकामे कपाट, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

खरेदी करणारी यंत्रणा मात्र आपण वेळोवेळी बदलली. २०१७ मध्ये राज्याची औषध खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच महामंडळाकडे दिली. ओरड वाढली तेव्हा २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. स्वतंत्र प्राधिकरण हवे अशी मागणी आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते बरीच वर्षे करत होते, त्यामुळे ते पाऊल मला योग्यच वाटते. साठ्यासाठी ई-औषधी प्रणाली आली, तिचाही उपयोग झाला. कुठल्या भांडारात काय पडून आहे ते आता दिसते. पण ई-औषधीत आम्ही भरतो ते त्याच वहीतले आकडे. वही संगणकावर गेली, रकाना नव्हता तो नव्हताच.

तामिळनाडूचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते. मला त्यातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. त्यांनी १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढले. आलेल्या औषधाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक टाकून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि अहवाल चांगला आला तरच माल रुग्णालयांना द्यायचा, ही पद्धत त्यांनी घातली. नागपूर जिल्ह्यात शासकीय रुग्णालयात पोचलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हते, हे आपल्याकडच्या तपासात उघड झाले आहे, त्यामुळे या पद्धतीचे मोल मी सांगायला नको. पण मला जास्त आवडते ते त्यांचे पासबुक. प्रत्येक रुग्णालयाला, प्रत्येक आरोग्य केंद्राला एक पासबुक. वर्षाला तुमच्या नावावर इतक्या रुपयांचे औषध आहे, ते त्यात लिहिलेले. केंद्राने आपल्या गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलायचे आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा व्हायची. खरेदी राज्यभराची एकत्र, म्हणून भाव स्वस्त. निवड मात्र खालच्या माणसाच्या हातात. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आणली, तेव्हा असेच महामंडळ काढून ती चालवली.

निवड खाली का असावी, हे महाराष्ट्राला तरी पटवून द्यावे लागू नये. आपले राज्य एका साच्याचे नाही. आमच्या कोकणात जून ते ऑक्टोबर फुरसे, घोणस, मण्यार. लावणीत चिखलात पाय घातलेल्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप, म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या पाऊस सुरू होण्याआधी उपकेंद्रात हव्यात. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून माकडताप. गडचिरोलीला मलेरियाचे किट, नंदुरबारला सिकलसेलच्या रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया, मराठवाड्यात एप्रिलपासूनच ओआरएस. विंचूदंशाचे तर उदाहरणच आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरताना पाहिली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ती वाचवता येतात हे त्यांनी दाखवून दिले, जगाने ते मान्य केले. गोळी स्वस्तातली. पण ती कोकणातल्या केंद्रात मे महिन्यात असली पाहिजे, हे राज्याच्या सरासरीवरून कोणाला कळणार? आपल्याच खात्याच्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याला ते कळले, कारण तो पेशंटच्या खाटेशेजारी रात्रभर बसला होता.

नियोजन खालून वर जावे, हे कागदावर केव्हाच मान्य झाले आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले ते हेच सांगत. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तिला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा, निधी. केंद्रात रुग्ण कल्याण समिती. गावांचे आराखडे मिळून तालुक्याचा, तालुक्यांचे मिळून जिल्ह्याचा, जिल्ह्यांचे मिळून राज्याचा आराखडा, ज्याला आम्ही सगळे पीआयपी म्हणतो. २०२२ पासून तो दोन वर्षांचा एकदम होतो. माझा अनुभव सांगतो. पीआयपीचा तक्ता यायचा तो ‘उद्या संध्याकाळपर्यंत माहिती सादर करावी’ असे लिहून. तक्त्यातली शीर्षके वरून ठरलेली. गावाला विचारायला एक दिवस कुठून आणायचा? आम्ही मागच्या वर्षीचा तक्ता काढायचो, आकडे थोडे वाढवायचो आणि पाठवून द्यायचो. हे मी केले आहे. या गोष्टीचा मला आज खेद वाटतो, कारण त्या तक्त्यात माझ्या भागातल्या १५-२० गावांचे एक वर्ष असायचे.

विचारले तर लोक किती नेमके सांगतात, तेही मी पाहिले आहे. २००७ मध्ये राज्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच सेवांवर नजर ठेवणे, सुरू झाली. आमचा जिल्हा त्यात नव्हता, पण एकदा प्रशिक्षणाच्या निमित्ताने ठाणे जिल्ह्यातली एक जनसुनवाई मी मागे बसून ऐकली. एक बाई उठल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मेडिकलच्या दुकानाच्या पावत्या. आरोग्य केंद्रातून ‘बाहेरून आणा’ म्हणून मिळालेल्या चिठ्ठ्या त्यांनी पावत्यांना टाचणीने जोडून ठेवल्या होत्या. एकेक काढून त्या टेबलावर मांडत गेल्या. भाषण नाही, आरडाओरडा नाही. समोर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान खाली घालून त्या चिठ्ठ्या वाचल्या. अक्षर त्यांचेच होते. आमच्या साठा नोंदवहीत जो रकाना नव्हता, तो त्या बाईंनी पिशवीत जपून ठेवला होता.

तिथून परत आल्यावर मी एक वही घातली. साधी २०० पानी. खिडकीवर जे मागितले गेले आणि मी देऊ शकलो नाही, ते त्यात लिहायचे. तारीख, गाव, वय, औषध, किती लागले, किती दिले, पेशंटने पुढे काय केले. नाव लिहीत नव्हतो. निवृत्त होईपर्यंत ती वही चालवली, दोन भरल्या, तिसरी अर्धी आहे. दिवसाला माझी पाच-दहा मिनिटे जायची. तिच्या आधारे एका वर्षी मी मागणीपत्राला दोन पानांचे टिपण जोडले. त्या वेळच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी ते वाचले, मला बोलावून घेतले आणि दोन केंद्रांत पडून असलेल्या एएसव्हीच्या बाटल्या आमच्याकडे वळवल्या. त्या पावसाळ्यात माझे कपाट एकदाही रिकामे झाले नाही. अधिकारी बदलले, टिपण फायलीत गेले. एका माणसाच्या भलेपणावर चाललेली गोष्ट तो माणूस गेला की थांबते. म्हणून हे आपल्याकडे मागतो आहे.

वही लिहू लागल्यावर मला आणखी एक दिसू लागले. लोक खिडकीवर फक्त औषध मागत नाहीत. एक सून दर पंधरवड्याला यायची. सासू अंथरुणाला खिळलेली, लघवीची नळी बदलायला घरी कोणी येईल का, हा तिचा प्रश्न. पाठीला झालेली जखम रोज कोण बांधणार? कर्करोगाचा पेशंट मोठ्या रुग्णालयातून घरी पाठवलेला, रात्री वेदनेने ओरडतो, काही मिळेल का? माझ्याकडे पॅरासिटामॉल होती. आमच्या गावांतली तरुण मुले मुंबईला, घरी म्हातारी माणसे. ही गरज आमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हती, म्हणून तिच्यासाठी कधी काही खरेदी झाले नाही, कोणाची नेमणूक झाली नाही.

केरळने २००८ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेचे धोरण केले. तिथे ग्रामपंचायती आपल्या निधीतून परिचारिका ठेवतात, ती घरोघरी जाऊन जखमा बांधते, नळ्या बदलते, औषध देते. पंचायतीला हे जमते, कारण १९९६ नंतरच्या लोकनियोजनात त्या राज्याने प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि विकास निधीचा मोठा वाटा पंचायतींकडे सोपवला. आपल्याकडे हे काम मनापासून करणाऱ्या आशाताई गावोगाव आहेत, पण दरमहाचे मानधन सोडले, तर त्यांचा मोबदला ठरलेल्या कामांना ठरलेल्या दराने. म्हातारीची नळी त्या यादीत नाही.

हे सगळे महाराष्ट्राला परके आहे असे कोणी म्हणू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका करून, गावाला काय हवे ते गावाकडूनच ऐकून काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी रुग्णालय कसे हवे हे आदिवासींना विचारले, म्हणून ते गोंड गावासारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत पुढे देशभरच्या आशा कार्यक्रमात गेली. जगाने हे आपल्याकडून शिकून घेतले. राज्याच्या खरेदीच्या टेबलापर्यंत मात्र ते अजून पोचलेले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे माफ झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण गरिबाचा मोठा खर्च केसपेपरचा कधीच नव्हता. तो ‘बाहेरून आणा’चा होता, आणि आजही तो कुठे मोजला जात नाही. मोफत उपचाराचा निर्णय खरा करायचा असेल, तर आधी हा खर्च डोळ्यांसमोर आणावा लागेल.

माझे मागणे मोठ्या खर्चाचे नाही. ई-औषधीत प्रत्येक औषधासमोर एक रकाना वाढवावा, ‘मागितले पण देता आले नाही’. बाहेरची चिठ्ठी लिहिली की ती त्यात चढलीच पाहिजे, असा शासन निर्णय काढावा. हे आकडे लपवावेसे वाटू नयेत, म्हणून त्यात स्पष्ट लिहावे की या रकान्यावरून कोणत्याही कर्मचाऱ्यावर ठपका ठेवला जाणार नाही. आमच्यातला प्रत्येक जण नोटिशीला घाबरतो, आणि घाबरलेला माणूस निरंकच लिहितो. वर्षाची मागणी ठरवताना खप आणि हा रकाना यांची बेरीज धरावी. साठा संपलेले दिवस खपाच्या सरासरीतून वगळावेत. तो रकाना दर तीन महिन्यांनी रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा, आणि पीआयपीच्या तक्त्याला गावात विचारायला निदान एक महिना द्यावा. पासबुकाची पद्धत एखाद्या जिल्ह्यात सुरू करून बघावी. कोकणातला एखादा घेतला तर मी विनामोबदला शिकवायला येईन. घरच्या शुश्रूषेसाठीही असाच रकाना हवा, आशाताईंच्या नोंदवहीत. त्या रकान्यात किती माणसे निघतात, हे एकदा दिसू द्या. मग परिचारिका किती लागतील, याचा हिशोब आपल्या विभागाला लगेच करता येईल.

पैसे कमी आहेत, हे मला माहीत आहे. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावे, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आहे. आपण त्यापासून दूर आहोत, आणि ते वाढवून मागणे आपले काम आहे. पण वित्त विभागाकडे वाढीव निधी मागायला जाताना आपल्या हातात काय असते? खपाचे आकडे. आणि ते सांगतात की माझ्या केंद्रात वर्षाला १२ बाटल्या पुरतात.

मे महिन्यात मागणीपत्रे हलतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पाऊस येतो. निर्णय त्याआधी झाला, तर याच पावसाळ्यात फरक पडेल.

माझ्या अडीच वह्या घरी कपाटात आहेत. कोणाचेही नाव त्यांत नाही, फक्त गाव, वय आणि न मिळालेले औषध. प्राधिकरणातून कोणी बघायला येणार असेल, तर निरोप येताच मी स्वतः मुंबईला घेऊन येईन. मूळ वह्याच आणीन. काही पानांवर पेशंटच्या नातेवाइकांनी जोडलेल्या पावत्या आहेत, त्या झेरॉक्समध्ये नीट उमटत नाहीत.

आपला नम्र,
निवृत्त औषध निर्माण अधिकारी,
जिल्हा परिषद आरोग्य विभाग, कोकण